ढेकूण परत आले!

पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. आम्ही नवरा-बायको हा व्यवसाय घरूनच चालवतो. सुरुवातीला अशी तक्रार आली की आम्हाला राग यायचा.

एकदा चाळीतल्या एका ताईंनी दारातच सुनावले, "पैसे घेतलेत, आणि आठव्या दिवशी बाळाच्या अंगावर पुन्हा लाल चट्टे!" आम्ही वाद न घालता पलंगाच्या फळ्या उलटवून पाहिल्या. फटींत बारीक, फिकट पिल्ले होती. फवारणीने मोठे ढेकूण मरतात, अंडी बहुधा वाचतात. ती साधारण ६ ते १० दिवसांत फुटतात. म्हणून दोन आठवड्यांच्या आत दुसरी फवारणी लागते. हे आम्हाला ठाऊक होते. ताईंना मात्र सांगितलेच नव्हते. चूक आमची होती. दुसरी फवारणी आम्ही फुकट करून दिली.

त्यांचे यजमान म्हणाले, "धान्यात ठेवतात त्या गोळ्याच टाका की!" आम्ही हात जोडले. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या त्या गोळ्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. तो फटींतून शेजारच्या खोलीतही शिरतो आणि माणसे दगावतात. गिऱ्हाईक तुटले तरी चालेल, पण ही मागणी मान्य करायची नाही.

आता आम्ही दुसऱ्या फवारणीची तारीख पहिल्याच दिवशी पावतीवर लिहून देतो. तक्रार वहीत नोंदवतो आणि लगेच जाऊन पाहतो. धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुण-तरुणींनो, तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकावर रागावू नका. त्याने अजून आपल्याला सोडलेले नसते.