सिग्नेचर शून्य आली म्हणजे चिप मेली का?

मागच्या भागात आपण आर्डुइनो उनो बोर्डाचा प्रोग्रॅमर करून एटीटायनी८५ ही आठ पायांची छोटी चिप प्रोग्रॅम केली. ज्यांचं पहिल्या झटक्यात जमलं त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. पण बऱ्याच जणांच्या स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली असणार आणि त्यांत 'डिव्हाइस सिग्नेचर' हे शब्द असणार, याची मला खात्री आहे. अशा वेळी बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात: चिप गेली. मग ती कचऱ्यात, बाजारात एक फेरी, नवी चिप, आणि पुन्हा तीच लाल अक्षरं. फायनल इयरचं सबमिशन चार दिवसांवर आलेलं असलं की ही फेरी फार महागात पडते. पैसे थोडेच जातात, दिवस जातात.

आमच्या चेन्नईत ही फेरी रिची स्ट्रीटला होते. अण्णा सालईला लागून असलेली ही गल्ली आणि तिला जोडलेली नरसिंगपुरम स्ट्रीट म्हणजे मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड समजावा. तमिळ येत नसेल तरी अडत नाही. दुकानदाराला 'अण्णा' म्हणायचं आणि चिपचा नंबर कागदावर लिहून दाखवायचा. तिथे एटीमेगा३२८पी मागितली तर विचारून घ्या: बूटलोडर टाकलेली आहे की कोरी? तुमची चिप 'मेलेली' दिसणार की 'जिवंत', हे पुष्कळदा या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. कसं, ते पुढे सांगतो.

आधी तारांवरून नेमकं काय जातं ते पाहू. उनोमध्ये आपण 'आर्डुइनोआयएसपी' हे स्केच टाकतो. त्यानंतर उनो म्हणजे मधला दुभाषी. कॉम्प्युटरशी तो अ‍ॅटमेल कंपनीच्या जुन्या एसटीके५०० किटच्या भाषेत बोलतो आणि समोरच्या चिपशी एसपीआयच्या तारांवरून. उनोची १० नंबरची पिन समोरच्या चिपच्या रीसेटला, ११ मोसीला, १२ मिसोला, १३ एससीकेला. एटीटायनी८५ वर हेच पाय अनुक्रमे १, ५, ६ आणि ७. वीज ८ ला, ग्राउंड ४ ला.

उनो प्रथम रीसेटची तार खाली ओढतो आणि चार बाइट पाठवतो: एसी, ५३, ००, ००. चिप जागी असेल तर तिसरा बाइट जात असताना ती ५३ परत पाठवते. 'ओळखलं, बोला' असा त्याचा अर्थ. गंमत अशी, की आर्डुइनोआयएसपी स्केच हे उत्तर तपासतच नाही. चिपने ५३ म्हटलं काय किंवा काहीच म्हटलं नाही काय, ते पुढे जाऊन सिग्नेचर मागतं. म्हणून समोर चिप नसली तरी 'चिप नाही' असा सरळ निरोप येत नाही. येतात तीन शून्यं. शून्य सिग्नेचर म्हणजे चिपचं नाव शून्य आहे असं नव्हे, किंवा चिप बिघडली असंही नव्हे. पलीकडून कोणीही बोललं नाही, एवढंच.

म्हणून माझा आग्रह असा, की लाल अक्षरांतलं बाकी सगळं सोडा आणि ते तीन बाइट वाचा. पहिला बाइट १ई, म्हणजे अ‍ॅटमेलची चिप. दुसऱ्यावरून मेमरी कळते: ९१ म्हणजे २ किलोबाइट, ९२ म्हणजे ४, ९३ म्हणजे ८, ९५ म्हणजे ३२. तिसरा त्या गटातली नेमकी चिप सांगतो. एटीटायनी८५ असेल तर १ई ९३ ०बी. एटीटायनी४५ असेल तर १ई ९२ ०६. एटीमेगा३२८पी असेल तर १ई ९५ ०एफ.

यातल्या शेवटच्या आकड्यापासून जपून राहा. समोर एटीटायनी८५ लावली आहे आणि उत्तर आलं १ई ९५ ०एफ, तर ते कोणी दिलं? उनोवरची चिप एटीमेगा३२८पीच आहे. म्हणजे दुभाष्याला निरोप दिला आणि त्याने तो पुढे न देता स्वतःच उत्तर दिलं. याचं कारण रीसेटमध्ये आहे. कॉम्प्युटर पोर्ट उघडतो तेव्हा उनोवरचा एक छोटा कपॅसिटर रीसेटला क्षणभर खाली खेचतो, त्यामुळे बूटलोडर जागा होतो. एरवी ही मोठी सोय आहे, त्यामुळे तर आपल्याला दर वेळी बटण दाबावं लागत नाही. इथे मात्र आपलं आयएसपी स्केच चालू होण्याऐवजी बूटलोडर पुढे येतो. उनोचा बूटलोडर ११५२०० बॉडवर ऐकतो आणि आयएसपी स्केच १९२०० वर, म्हणून बहुधा दोघांचं जुळत नाही आणि 'नॉट इन सिंक' असा तक्रारीचा सूर येतो. पण हाताने कमांड लिहिताना चुकून ११५२०० टाकलं, की बूटलोडर खुशाल आपलीच ओळख सांगतो.

समोरची चिपही एटीमेगा३२८पीच असेल तर फसगत पुरती होते. सिग्नेचर बरोबर, लेखन यशस्वी, सगळं छान. आणि प्रोग्रॅम गेला उनोच्याच पोटात! आयएसपी स्केच पुसलं गेलं. बोर्डाच्या यादीत 'उनो' निवडून नेहमीचं अपलोड बटण दाबलं तरी हेच होतं. त्यासाठी 'अपलोड यूझिंग प्रोग्रॅमर' हा वेगळा पर्याय आहे, तोच वापरायचा.

उपाय स्वस्त आहे. १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, लांब पाय उनोच्या रीसेटमध्ये, आखूड पाय ग्राउंडमध्ये. तो झटका गिळतो आणि उनो रीसेट होत नाही. फक्त क्रम पाळा: आधी स्केच टाकायचं, मग कपॅसिटर लावायचा. आधीच लावला तर स्केचही चढणार नाही.

मेन्यूतली एक फसवी जोडीही सांगून ठेवतो. प्रोग्रॅमरच्या यादीत 'आर्डुइनो ॲज आयएसपी' आणि 'आर्डुइनोआयएसपी' अशी दोन नावं दिसतात. आपल्याला पहिलं हवं. दुसरं एका वेगळ्या उपकरणाचं आहे. नावं ठेवणाऱ्याने जरा विचार करायला हवा होता, पण आता काय!

आता शून्यांकडे येऊ. तीन शून्यं आली की प्रथम मल्टीमीटर घ्या. तारा डोळ्यांनी मोजू नका, डोळे दगा देतात. चिपच्या अंगावर, पाय ८ आणि ४ यांच्यात, ५ व्होल्ट आहेत का? ब्रेडबोर्डच्या पट्टीवर मोजून उपयोग नाही, थेट पायावर मोजा. चेन्नई काय, मुंबई काय, रत्नागिरी काय, समुद्रकाठच्या दमट खाऱ्या हवेत जुन्या ब्रेडबोर्डचे चिमटे काळवंडतात आणि पट्टीवर वीज असूनही पायाला पोचत नाही. चिपवरचा ठिपका पाय १ जवळ असतो. डावीकडून खाली, मग उजवीकडून वर असं मोजायचं. उलटी बसवली तर ती गरम होईल. पाय ५, ६, ७ वर दुसरं काही जोडलेलं असेल, रिले, सेन्सर, काहीही, तर ते तात्पुरतं काढा. आणि वीज देणाऱ्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. सिग्नेचर दर वेळी वेगळी येते, एकदा बरोबर, एकदा भलतीच, अशी तक्रार असेल तर बहुधा इथेच गोम असते.

एफएफ एफएफ एफएफ आलं, तर मिसोच्या तारेवर संशय घ्या. ती कुठेतरी सुटली आहे किंवा पाच व्होल्टला चिकटली आहे.

तारा ठीक, वीज ठीक, तरीही शून्य? मग क्लॉककडे बघा. मला विचाराल तर सगळ्यात जास्त चिपा याच कारणाने विनाकारण कचऱ्यात जातात.

चिपला वीज मिळाली म्हणजे ती चालू झाली, असं नाही. तिच्या आतलं प्रोग्रॅमिंगचं यंत्र तिच्या स्वतःच्या क्लॉकवर चालतं. क्लॉक कुठून घ्यायचं हे फ्यूज नावाच्या बिट्समध्ये लिहिलेलं असतं. कारखान्यातून आलेली कोरी एटीटायनी८५ किंवा एटीमेगा३२८पी आतलंच ८ मेगाहर्ट्झचं क्लॉक आठाने भागून १ मेगाहर्ट्झवर चालते. तिला बाहेरून काही लागत नाही. पण उनोचा बूटलोडर टाकलेल्या एटीमेगा३२८पीला फ्यूज सांगतात, की बाहेरचा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल वापर. क्रिस्टल नाही, तर क्लॉक नाही. क्लॉक नाही, तर उत्तर नाही. रिची स्ट्रीटला तो प्रश्न विचारायला सांगितला, तो एवढ्यासाठीच. बूटलोडरवाली घेतली तर १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि २२ पिकोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर तिथेच सोबत घ्या. क्रिस्टल पाय ९ आणि १० मध्ये, प्रत्येक पायापासून ग्राउंडला एक कपॅसिटर. कालपर्यंत 'मेलेली' चिप लगेच आपली सिग्नेचर सांगते.

एटीटायनीच्या बाबतीत हा प्रकार आपल्या हातूनच घडतो. 'बर्न बूटलोडर' दाबताना क्लॉकच्या यादीत 'एक्स्टर्नल' निवडलेलं राहतं. ते काम यशस्वी होतं, कारण तोवर चिप आतल्या क्लॉकवर असते. नवे फ्यूज लागू झाले की ती गप्प. 'पहिल्यांदा जमलं, दुसऱ्यांदा नाही' अशी तक्रार ऐकली की मी आधी हेच विचारतो. क्रिस्टल निवडला गेला असेल तर पाय २ आणि ३ मध्ये क्रिस्टल लावून चिप जागी करा. 'एक्स्टर्नल क्लॉक' निवडलं गेलं असेल तर नुसता क्रिस्टल पुरणार नाही. दुसऱ्या एखाद्या बोर्डावरून काही मेगाहर्ट्झचे स्पंद पाय २ ला द्यावे लागतील. चिप बोलू लागली की क्लॉकच्या यादीत 'इंटर्नल' निवडा आणि पुन्हा बर्न बूटलोडर. झालं.

वेगाचाही एक नियम आहे. एससीकेचा वेग चिपच्या क्लॉकच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी हवा. १ मेगाहर्ट्झच्या चिपला २५० किलोहर्ट्झच्या आत. स्केचमध्ये तो १०,००,००० भागिले ६, म्हणजे सुमारे १६७ किलोहर्ट्झ ठेवलेला आहे, म्हणून सहसा हात लावावा लागत नाही. कोणी चिप १२८ किलोहर्ट्झच्या आतल्या क्लॉकवर नेऊन ठेवली असेल, तर मात्र स्केचमधली ती ओळ २० किलोहर्ट्झपर्यंत खाली आणा आणि स्केच पुन्हा टाका. त्याआधी रीसेटचा कपॅसिटर काढायला विसरू नका.

कधी कधी सिग्नेचर येते, पण अपेक्षेपेक्षा वेगळी: १ई ९५ १४. ही एटीमेगा३२८, नावात 'पी' नसलेली. १ई ९५ १६ म्हणजे ३२८पीबी. चिप उत्तम आहे, यादीतून योग्य नाव निवडा. तपासणीच बंद करणारा एक सक्तीचा पर्याय आहे आणि पुष्कळ जण तोच आधी सुचवतात. मी सुचवणार नाही. भलत्या चिपवर भलते फ्यूज गेले की मग खरोखरच अडचण होते.

आता खरी अडचण. रीसेटचा पाय साधी पिन म्हणून वापरता यावा यासाठी एक फ्यूज असतो. आठच पाय असलेल्या एटीटायनीवर त्याचा मोह होतो. तो फ्यूज बसला की रीसेट खाली ओढणं अर्थहीन होतं आणि उनोचं दार बंद होतं. क्रिस्टल, कपॅसिटर, वेग, काही चालत नाही. अशी चिपही मेलेली नसते. तिच्या रीसेटच्या पायावर १२ व्होल्ट देऊन वेगळ्या पद्धतीने तिच्याशी बोलता येतं. त्यासाठी एक ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर आणि १२ व्होल्टचा पुरवठा लागतो. तो प्रोग्रॅमर आपण पुढच्या भागात बांधू. तोवर अशा चिपा एका डबीत वेगळ्या काढून ठेवा आणि डबीवर 'रीसेट बंद' असं लिहा.