कोहिनूर ते गुनेहगार : उपनगरातल्या एका आवाजाची वाटचाल

वांद्र्याच्या हिल रोडवर मेहबूब स्टुडिओ १९५४पासून उभा आहे. त्या काळात मुंबईच्या स्टुडिओंत ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन घेऊन बसणाऱ्यांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने असायचे. सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड या मंडळींनी असंख्य हिंदी गाण्यांचा वाद्यमेळ कागदावर उतरवला. रेकॉर्डच्या वेष्टनावर मात्र नाव यायचं चित्रपटाचं, संगीतकाराचं, गायकाचं. या माणसांची नावं लोकांना कळायला पुढे कित्येक दशकं जावी लागली.

म्हणून ऑक्टोबर २०१९ची नोंद मला महत्त्वाची वाटते. त्या महिन्यात विवियन फर्नांडिस या मुंबईच्या कॅथलिक तरुणाचा ‘कोहिनूर’ हा पहिला स्टुडिओ अल्बम आला. मुखपृष्ठावर त्याचंच नाव होतं : डिव्हाइन. अल्बममागे चित्रपट नव्हता, नट नव्हता, कथानकाची गरज नव्हती. शब्द त्याचे, आवाज त्याचा आणि कहाणीही त्याची.

हा मुलगा वांद्र्याचा नव्हे, अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरचा. अंधेरीहून लोकल धरली की पार्ले, सांताक्रूझ, खार आणि मग वांद्रे. अंतर एवढंच, पण राहणीतलं अंतर बरंच मोठं. त्याला आजीने वाढवलं. शाळेत एका मित्राच्या टीशर्टवर फिफ्टी सेंट या अमेरिकी रॅपरचं चित्र दिसलं आणि हा कोण, या कुतूहलातून तो हिपहॉपपर्यंत पोचला. सुरुवातीला तो इंग्रजीत लिहायचा. मग गल्लीत जी बोली बोलतो तीच गाण्यात आणायची असं ठरवलं. माझ्या मते त्याच्या वाटचालीतला सर्वांत मोठा निर्णय हाच. पुढचं सगळं त्यातूनच आलं.

त्याचं ‘ये मेरा बॉम्बे’ हे गाणं २०१३मध्ये आलं. २०१४च्या जानेवारीत कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने आयपॅडवर ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण करून ‘आफत’ काढलं. एप्रिल २०१५मध्ये दोघे ‘मेरे गली में’साठी एकत्र आले. ताल दिल्लीच्या सेझ ऑन द बीटचा होता. ते गाणं अंधेरी-कुर्ल्याच्या पट्ट्यात ज्या वेगाने पसरलं तो ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. रिक्षात, कॉलेजच्या कट्ट्यावर, नाक्यावरच्या पानटपरीवर ते वाजत होतं. पिनकोडचे शेवटचे दोन आकडे हीच मुलांची ओळख झाली. कुर्ल्याचा ७०, धारावीचा १७, जे. बी. नगरचा ५९. वांद्रे पश्चिमेच्या ५०ला कुणी अशा अभिमानाने मिरवलं नाही, कारण त्या पत्त्याला जगाला सांगण्याची गरज कधी पडलीच नव्हती.

मग सिनेमा आला. झोया अख्तरचा ‘गली बॉय’ १४ फेब्रुवारी २०१९ला प्रदर्शित झाला. नेझी आणि डिव्हाइन यांच्या आयुष्यांवरून स्फुरलेली ती गोष्ट रणवीर सिंगने पडद्यावर जगली. चित्रपट चांगलाच होता, आणि धारावी-कुर्ल्याच्या कितीतरी पोरांना त्याने पहिल्यांदा मोठ्या ध्वनिफितीवर जागा दिली, हे मान्य करायलाच हवं. पण ‘अपना टाइम आएगा’ हे डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांचे शब्द देशभर गाजले ते रणवीरच्या आवाजात. ज्याची गोष्ट होती तो पुन्हा एकदा पडद्यामागे गेला.

‘कोहिनूर’ आला तो या पार्श्वभूमीवर, चित्रपटानंतर आठच महिन्यांनी. इतक्या लवकर अल्बम काढण्यात धोका होता. लोक म्हणाले असते, सिनेमाच्या लाटेवर स्वार झाला. ऐकल्यावर तसं वाटत नाही. ‘चल बॉम्बे’मध्ये शहराचा उत्साह आहे, तर ‘रिमांड’मध्ये पोलीस ठाण्याची भीती. त्या भीतीत हिंदी सिनेमातला ओळखीचा थरार नाही. आपल्या वस्तीतल्या कोणत्याही पोराला रात्री उचललं जाऊ शकतं, एवढीच साधी, अंगावर येणारी जाणीव आहे. ‘वाइब है’मध्ये त्याने शाह रूल, डी’ईव्हिल आणि आवृत्ती या साथीदारांना बरोबर घेतलं. त्याच वर्षी त्याने गली गँग ही स्वतःची कंपनीही काढली होती. अल्बम बाहेर आणला तो न्यूयॉर्कचा रॅपर नास याच्या मास अपील या कंपनीच्या नव्या भारतीय शाखेने.

अल्बम प्रकाशित होण्याची रीतही तोवर पार बदलली होती. काळा घोड्याचं र्‍हिदम हाउस २०१६च्या सुरुवातीला बंद झालं. कॅसेट, सीडी हातात घेऊन मागचा मजकूर वाचत उभं राहायची जागाच उरली नव्हती. फेब्रुवारी २०१९च्या शेवटी स्पॉटिफाय भारतात आलं. ‘कोहिनूर’ कुठल्याही दुकानाच्या काचेत लागला नाही, तो थेट फोनमध्ये आला. अशा काळात सुटी गाणी सोडत राहणं सोपं आणि फायद्याचं. तरीही क्रम लावून, आधी काय आणि नंतर काय याचा विचार करून पूर्ण अल्बम बांधायचा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

वस्तीतला आवाज असा स्वतःच्या अल्बमने जगापुढे येतो, तेव्हा पोर्तो रिकोची आठवण येते. तिथे रुजलेल्या रेगेटन या संगीतप्रकाराची मुळं जमैकाच्या डान्सहॉलमध्ये आहेत. पनामा कालव्याच्या कामासाठी कॅरिबियन बेटांवरून गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी रेगे स्पॅनिशमध्ये गायला सुरुवात केली. शाबा रँक्सच्या १९९०च्या ‘डेम बो’ या गाण्यातला ताल पुढे या सगळ्या संगीताचा कणाच झाला. सान हुआनच्या वस्त्यांत हे संगीत कॅसेटवरून पसरलं. १९९५मध्ये तर पोलिसांनी दुकानांवर छापे टाकून अशा कॅसेट जप्त केल्या. तिथल्याच सरकारी गृहवसाहतीत वाढलेल्या डॅडी यांकीने जुलै २००४मध्ये ‘बारियो फिनो’ हा अल्बम काढला, तोही स्वतःच्या एल कार्तेल या कंपनीतून. त्यातलं ‘गासोलिना’ जगभर वाजलं. २०२३मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत ते घेतलं. ज्या संगीताच्या कॅसेट पोलीस उचलून नेत होते, तेच पुढे देशाचा ठेवा ठरलं.

डिव्हाइनचा दुसरा अल्बम ‘पुण्य पाप’ या वाटेशी थेट जोडलेला आहे. तो डिसेंबर २०२०मध्ये आला. करोनाच्या साथीमुळे बंद झालेली मुंबईची लोकल तेव्हाही सर्वांसाठी खुली झालेली नव्हती, ती झाली १ फेब्रुवारी २०२१ला. कार्यक्रम बंद. लोक घरात कोंडलेले असताना त्यातलं ‘मिर्ची’ घराघरांत नाचलं गेलं. त्यात जमैकात जन्मलेला, लंडनमध्ये नाव काढलेला डान्सहॉल गायक स्टायलो जी आहे आणि धारावीचा एमसी अल्ताफही आहे. किंग्स्टनच्या वस्तीतून निघालेला ठेका पोर्तो रिकोत एका रूपात पोचला, आणि दुसऱ्या रूपात मिठी नदीच्या काठी. वांद्र्याच्या हद्दीला लागून असलेल्या धारावीचा मुलगा त्या ठेक्यावर आपल्या बोलीत गातो, यात मला उसनवारी दिसत नाही. बंदराच्या शहराला बाहेरचा सूर नेहमीच मानवत आला आहे.

पण ‘पुण्य पाप’चं खरं बळ ‘मिर्ची’त नाही. यश मिळाल्यावर माणूस स्वतःला जे प्रश्न विचारतो ते या अल्बमभर आहेत. श्रद्धा, आई, पैसा, जुने मित्र, आपण केलेलं बरंवाईट. रविवारच्या मिस्साला जाणारं घर आणि खालच्या नाक्यावरची मारामारी या दोन्हींमध्ये वाढलेल्या मुलाचा तो आवाज आहे. वांद्रे, मरोळ, वसईच्या ख्रिस्ती घरांत असे मुलगे पुष्कळ आहेत. हिंदी सिनेमाने त्यांना बहुतेक वेळा दारुडा किंवा गुंड म्हणून रंगवलं. त्यांच्या मनातली पापपुण्याची खळबळ इतक्या सरळपणे गाण्यात आलेली मी याआधी ऐकली नव्हती. त्याच्या अल्बमांत माझ्या लेखी सर्वश्रेष्ठ हाच.

नोव्हेंबर २०२२चा ‘गुनेहगार’ अधिक सफाईदार आहे. ‘बाझीगर’मध्ये अमेरिकी रॅपर आर्मानी व्हाइट आहे, ध्वनी भव्य आहे. ऐकायला झकास, पण गल्ली त्यात दूर गेलेली जाणवते.

या सगळ्यात मराठी कुठे होती? ऑक्टोबर २०१९मध्येच, ४ तारखेच्या रात्री, मेट्रो ३च्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायला सुरुवात झाली. त्याच वर्षी ‘स्वदेसी’ या मुंबईच्या हिपहॉप गटाने आरेच्या पाड्यावरचे वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं होतं. या गटातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. गुजरातीत गाणारा त्यांचा साथीदार तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, मार्च २०२२मध्ये अवघ्या २४व्या वर्षी गेला. पुढच्या वर्षी, २०२३मध्ये, अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, अर्थात १०० आरबीएच, ‘एमटीव्ही हसल’च्या मंचावरून वऱ्हाडी बोली घेऊन देशासमोर उभा राहिला. दम आहे, शब्दांची ताकद आहे, सांगायला गोष्टीही आहेत. मराठी रसिक मात्र या मुलांकडे अजून गंमत म्हणून पाहतो. भावगीतांच्या कॅसेटचे संच आपण जिवापाड जपले, ‘गारवा’ हा अल्बम पावसाळ्यांमागून पावसाळे ऐकला. तीच आस्था या नव्या कवींच्या वाट्याला यायला हवी, कारण तेही आपलेच कवी आहेत.

तेव्हा वाचकांना एक विनंती आहे. ‘मिर्ची’ तुम्ही कुठल्या ना कुठल्या वरातीत ऐकलंच असेल. आता ‘पुण्य पाप’ पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये न थांबता ऐका. आणि तो संपला की ‘द वारली रिव्होल्ट’ लावा.