औषध तेच, वाहन निराळे

सन २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडमधून उठलेल्या रुग्णांना काळ्या बुरशीने गाठले, तेव्हा महाराष्ट्रातील कित्येक कुटुंबे एका इंजेक्शनासाठी दारोदार हिंडली. ते होते लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी. मूळ ॲम्फोटेरिसिन १९५० च्या दशकापासून वैद्यकास ठाऊक होते. मग ‘लायपोसोमल’ या एका विशेषणासाठी एवढी धावपळ का?

हे औषध बुरशीच्या पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडते. परंतु मानवी पेशींनाही ते सर्वस्वी सोडत नाही. मूत्रपिंडांना त्याची विशेष झळ पोहोचते. म्हणून औषध तेच ठेवून त्याचे वाहन बदलणे आवश्यक झाले.

ते वाहन स्वतःच स्वतःला घडवते. बिस्किटांच्या वेष्टनावर आपण ‘सोया लेसिथिन’ वाचतो. त्यातील स्निग्ध रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर दुसरे पाणी टाळते. पाण्यात पडताच पाणी टाळणारी टोके एकमेकांच्या आडोशाला जातात, दुपदरी पडदा बनतो आणि कडा उघड्या राहू नयेत म्हणून तो मिटून गोल होतो. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळील बाब्रहॅम येथे ॲलेक बँगहॅम या शास्त्रज्ञांनी हे गोल ओळखले. यांनाच लायपोसोम म्हणतात. कारखान्यात त्यांचा आकार सुमारे १०० नॅनोमीटरपर्यंत आणला, तर एक मिलिमीटर लांबीत असे १०,००० गोल ओळीने मावतील!

ॲम्फोटेरिसिन या पडद्यातच सामावून राहते. त्यामुळे वाटेत मूत्रपिंडांना इजा कमी होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी या औषधाच्या भारतीय रूपावर मोलाचे संशोधन केले.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. काळ्या बुरशीत लायपोसोमल औषध बहुधा रोज वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम वा अधिक दिले जाते. साध्या औषधाची कमाल मर्यादा मात्र १.५ मिलिग्रॅम आहे. लायपोसोमलच्या मात्रेत साधे औषध दिले गेले, तर ते प्राणघातक ठरू शकते. म्हणून औषधाच्या पेढीवर बसणाऱ्या बंधूंनी आणि धावाधाव करणाऱ्या आप्तांनी चिठ्ठीवरील व कुपीवरील पूर्ण नाव ताडून पाहावे. ‘तेच आहे’ असे कोणी म्हटले, तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून कुपी बदलू नये.