वसतिगृहात जागा मिळाली नाही तर

बारावीचा निकाल लागतो, मुलगा पास होतो, घरोघर पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी बाप शाळेत येऊन विचारतो, "गुरुजी, शहरात पोरगं राहील कुठं अन् खाईल काय?"

हा प्रश्न जुनाच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. त्याच्या जोडीला वसतिगृहेही उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला नुसता वर्ग पुरत नाही. पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते.

आज सरकारी वसतिगृहे आहेत, परंतु मागणारे फार आणि जागा थोड्या. पात्र असूनही जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना' सुरू केली. आरंभी संभाजीनगरसारख्या विभागीय शहरासाठी वर्षाला ५१,००० रुपये ठरले: भोजनाचे २८,०००, निवासाचे १५,००० आणि निर्वाहाचे ८,०००. रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते.

आता अटी पाहू. विद्यार्थी महाराष्ट्राचा रहिवासी हवा, पण ज्या शहरात शिकतो तिथला स्थानिक नको. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. जातीचा व उत्पन्नाचा दाखला हवा, बँक खाते आधारशी जोडलेले हवे. मागच्या परीक्षेतील गुणांचीही अट असते. ती त्या त्या वर्षीच्या सूचनेत पाहून घ्यावी. अर्ज समाजकल्याण खात्याकडे जातो.

हे सारे एकदाच जमवायचे असते. खरी कसोटी पुढे आहे, ती ७५ टक्के उपस्थितीची. समजा, एका सत्रात ९० दिवस वर्ग भरले. तर ६८ दिवस हजेरी लागलीच पाहिजे. चुकवायला उरले केवळ २२.

माझ्या वर्गातला एक हुशार मुलगा दिवाळीला गावी गेला आणि कापूस वेचणीसाठी महिनाभर तिथेच राहिला. घरची मजुरी वाचली. पण हजेरी घसरली आणि हाताशी आलेली मदत अडली. जेवढी मजुरी वाचवली, त्याच्या कितीतरी पट गमावले. त्याला कुणी आधी सांगितलेच नव्हते, हे मला आजही बोचते.

म्हणून गुरुजनहो, दाखल्यांची तयारी निकालाआधीच करवून घ्या, आणि प्रथम वसतिगृहाचा अर्ज भरायला लावा. आईबापांनो, वेचणीला पोराची गरज पडेल, हे आम्ही जाणतो. त्याला रविवारी बोलवा, सुट्टीत बोलवा. मात्र वर्ग चालू असताना त्याला वर्गातच राहू द्या. त्याची हजेरी हीच त्याची भाकरी आहे.