शहापूर व मुरबाड तालुक्यांतील सायकलभ्रमण

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील सायकलभ्रमण म्हणजे महाराष्ट्रातील ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागात हौस, व्यायाम, दुर्गदर्शन किंवा दीर्घ पल्ल्याच्या सरावासाठी केला जाणारा सायकलप्रवास होय. मुंबई, ठाणे, कल्याण, बदलापूर आणि नाशिक येथील सायकलस्वारांना हा परिसर एका दिवसात जाऊन येण्याइतका जवळ आहे. उल्हास नदीच्या खोऱ्यातील सपाटी, धरणांभोवतीचे वनक्षेत्र आणि सह्याद्रीचे दोन मोठे मोटाररस्ते, म्हणजे कसारा घाट व माळशेज घाट, येथे लागून लागून आहेत. भ्रमणध्वनीवरील नकाशा-उपयोजने आणि सायकल क्लब यांच्यामुळे येथील आडरस्ते शहरी सायकलस्वारांना परिचित झाले. मात्र घाटमाथ्याच्या या भूभागात नकाशावरील रेषा आणि जमिनीवरील वाट यांत पुष्कळ अंतर पडते, त्यामुळे मार्गनियोजन हा येथील सायकलभ्रमणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग ठरतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

दोन्ही तालुक्यांच्या पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग आहे. पलीकडे नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) व पुणे हे जिल्हे लागतात. भातसा, काळू व शाई या नद्या या रांगेतून पश्चिमेकडे वाहतात आणि त्यांचे पाणी पुढे उल्हास नदीस मिळते. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाड तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली समाजांचे पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. मुख्य गावापासून दूर असलेले हे पाडे अनेक नकाशांत नावाने दिसत नाहीत, त्यामुळे त्यांना जोडणारे रस्तेही बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतात.

मुंबईचा पाणीपुरवठा बऱ्याच अंशी याच भागावर अवलंबून आहे. 1892 साली पूर्ण झालेले तानसा धरण आणि भातसा धरण शहापूर तालुक्यात आहेत. असे असूनही एप्रिल-मे महिन्यांत तालुक्यातील अनेक गावपाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. सायकलस्वाराच्या दृष्टीने ही केवळ सामाजिक माहिती नाही. उन्हाळ्यात वाटेवरच्या विहिरी व हातपंपांवर भिस्त ठेवणे म्हणजे स्वतःची गैरसोय करणे, आणि क्वचित गावाच्या तुटपुंज्या पाण्यात वाटेकरी होणे होय. अनुभवी गट या दिवसांत पाणी शहापूर, सरळगाव, टोकावडे यांसारख्या बाजारगावांतूनच विकत घेऊन पुढे जातात.

प्रवेशमार्ग

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी व कसारा ही स्थानके शहापूर तालुक्यासाठी सोयीची आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून आसनगाव सुमारे 86 किमी, तर कसारा सुमारे 121 किमी अंतरावर आहे. सायकल लोकलच्या मालडब्यातून नेली जाते आणि घडीची सायकल नेणे त्याहून सुलभ असते. शहरातील वाहतुकीचा पट्टा रेल्वेने ओलांडून पहाटे आसनगावला उतरणे ही रूढ पद्धत आहे. परतीच्या बाबतीत मात्र रविवारचा मेगाब्लॉक आणि कल्याणच्या पुढे गाड्यांमधील मोठे अंतर हिशेबात धरावे लागते.

मुरबाड शहर लोहमार्गावर नाही. तेथे कल्याणहून राष्ट्रीय महामार्ग 61 (पूर्वीचा 222) जातो. बदलापूरहून बारवी धरणाच्या बाजूने आणि कर्जतहून म्हसामार्गे येणारे रस्ते तुलनेने शांत आहेत. म्हसा येथे पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची मोठी यात्रा व जनावरांचा बाजार भरतो. त्या दिवसांत हा रस्ता सायकलसाठी जवळपास निरुपयोगी असतो. यात्रा पाहायचीच असेल तर गोष्ट निराळी.

प्रमुख मार्ग

मुंबई–नाशिक महामार्ग (पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 3) शहापूर तालुक्यातून कसाऱ्यापर्यंत जातो. अवजड वाहतुकीमुळे तो सुखद नाही, परंतु रुंद असल्याने लांब पल्ल्याच्या सरावासाठी वापरला जातो. कसारा स्थानक समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या आसपास, तर इगतपुरी सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. शेजारच्या थळ घाटातील लोहमार्गाचा चढ 37 मीटरला 1 मीटर इतका आहे. रस्त्याचा चढही, काही तीव्र वळणे वगळता, एका लयीत चढण्यासारखा आहे. सायकलसह 75 किलो वजन 300 मीटर उचलण्यास सुमारे 220 किलोज्यूल इतके कार्य करावे लागते. एका तासात घाट चढल्यास केवळ उंचीसाठी सरासरी 60 वॅटच्या आसपास शक्ती लागते. सुदृढ व्यक्तीला ती जड नसते. थकवा येतो तो बहुधा ऊन, धूर आणि मागून येणाऱ्या मालमोटारींच्या दडपणामुळे. घाटात जुना व नवा असे दोन रस्ते असून चढती व उतरती वाहतूक वेगवेगळी चालते. म्हणून आखलेली रेषा योग्य दिशेच्या रस्त्यावर आहे की नाही, हे आधी पाहावे लागते.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. तोही शहापूर तालुक्यातून जातो, पण त्यावर दुचाकी व सायकल यांना प्रवेश नाही. मोटारीसाठी सुचवलेला मार्ग तसाच सायकलसाठी वापरल्यास ही अडचण प्रवेशद्वाराशी पोहोचल्यावर कळते.

शहापूर व मुरबाड यांना जोडणारा शहापूर–किन्हवली–सरळगाव रस्ता हा या परिसरातील सायकलस्वारांचा खरा ठेवा मानावा लागेल. भातखाचरे, लहान चढउतार आणि बेताची वाहतूक यांमुळे आसनगावहून निघून मुरबाडमार्गे कल्याण किंवा बदलापूरला उतरणारी दिवसभराची फेरी त्यावरून करता येते. डोळखांबकडे जाणारे फाटे आजोबा डोंगराच्या पायथ्याच्या डेहणे गावापर्यंत नेतात. माहुली किल्ल्याचा पायथा आसनगावपासून जवळ असल्याने नवशिक्यांची पहिली फेरी अनेकदा तिथपर्यंतच असते. कसाऱ्याहून विहीगाव व खोडाळ्याकडे जाणारा वळणावळणाचा रस्ता पुढे पालघर जिल्ह्यात शिरतो.

मुरबाडहून सरळगाव, टोकावडे व वैशाखरे या गावांवरून जाणारा माळशेज घाट सुमारे 700 मीटर उंचीच्या माथ्यावर पोहोचतो. हा चढ कसारा घाटापेक्षा लांब आहे. मुरबाड तालुक्यातीलच सिद्धगड परिसरात 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. तेथील स्मारकाला भेट देण्यासाठीही सायकल गट जातात.

नकाशे व उपयोजने

मार्ग आखण्यासाठी स्ट्राव्हा, कोमूट, राइड विथ जीपीएस व गूगल मॅप्स ही उपयोजने प्रचलित आहेत. पहिल्या तिन्हींच्या मुळाशी मुख्यतः ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 साली सुरू झालेला, स्वयंसेवकांनी भरलेला मुक्त नकाशा आहे. संगणक रस्त्यांकडे बिंदू व त्यांना जोडणाऱ्या रेषांचे जाळे म्हणून पाहतो. प्रत्येक रेषेला रस्त्याचा प्रकार, पृष्ठभाग, प्रवेशाची मुभा अशी विशेषणे जोडलेली असतात आणि त्यांवरून ‘खर्च’ ठरवून सर्वांत स्वस्त वाट काढली जाते. विशेषण नोंदलेलेच नसेल तर आज्ञावली अंदाज बांधते. खडीचा रस्ता डांबरी समजला जाणे किंवा पायवाट सायकलयोग्य ठरणे, हे त्यातूनच घडते.

याचे ठळक उदाहरण नाणेघाट होय. वैशाखऱ्याजवळचा पायथा आणि जुन्नर तालुक्यातील घाटमाथा यांत नकाशावर अगदी थोडे अंतर दिसते. प्रत्यक्षात ही सातवाहनकालीन व्यापारी वाट आहे. ती दगडी पायऱ्यांची व खड्या चढाची असून माथ्यावर ब्राह्मी शिलालेखाचे लेणे आहे. सायकल खांद्यावर घेतल्याशिवाय ती पार होत नाही. मोटाररस्त्याने तोच माथा गाठायचा तर माळशेज घाट चढून जुन्नरमार्गे मोठा वळसा पडतो. खोपिवलीहून आहुप्याला आणि चोंढ्याहून घाटघरला जाणाऱ्या वाटांचीही हीच स्थिती आहे. उपयोजनात ‘डोंगरी सायकल’ किंवा ‘पदभ्रमण’ हा पर्याय चुकून निवडला गेला, तर असा मार्ग विनातक्रार आखून मिळतो. ठाणे जिल्ह्यातून सह्याद्री ओलांडणारी रेषा कसारा किंवा माळशेज यांखेरीज कुठूनही जात असेल, तर तिच्याकडे संशयाने पाहावे, असा साधा नियम अनुभवी सायकलस्वार पाळतात.

नावांचा घोळ हा दुसरा भाग. घाटघर नावाची दोन गावे घाटमाथ्यावर आहेत, एक जुन्नर तालुक्यात नाणेघाटाजवळ व दुसरे अकोले तालुक्यात. गोरखगडाच्या पायथ्याचे देहरी मुरबाड तालुक्यात, तर आजोबा डोंगराच्या पायथ्याचे डेहणे शहापूर तालुक्यात. रोमन लिपीत शोध घेताना या दोन नावांची सहज गल्लत होते. माहुली साताऱ्याजवळही आहे. मुरबाड तालुक्यातील सिंगापूर या गावाचा शोध घेतल्यास उपयोजन विमानप्रवासाची तयारी दाखवते, हे वेगळे सांगायला नको. म्हणून नावाऐवजी नकाशावर बिंदू ठेवणे आणि गावाची नावे देवनागरीत पडताळणे अधिक खात्रीचे असते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पाड्यांची मराठी नावे व रस्त्यांचा पृष्ठभाग कोणालाही भरता येतो. प्रत्यक्ष जाऊन आलेल्या व्यक्तीची अशी नोंद पुढच्या प्रवाशाला थेट उपयोगी पडते.

उंचीची आकडेवारीही जपून वाचावी लागते. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर अवकाशयानातून केलेल्या रडार सर्वेक्षणाची माहिती अनेक ठिकाणी आधारभूत असते. तिचा एक चौकोन जमिनीवर सुमारे 30 मीटर लांबीचा असतो. घाटातील रस्त्याच्या एका बाजूला कडा व दुसऱ्या बाजूला दरी असते, आणि चौकोनात तिन्हींची सरासरी मिसळते. परिणामी आलेख करवतीसारखा दिसतो व एकूण चढाई फुगते. हवेच्या दाबावरून उंची मोजणारी उपकरणे चढाई अधिक चांगली मोजतात, कारण समुद्रसपाटीजवळ सुमारे 8 मीटर चढल्यावर दाब 1 हेक्टोपास्कलने घटतो. मात्र पावसाळी हवेत दाब स्वतःच बदलत असल्याने तीही चुकतात.

इतरांच्या नोंदींवरून तयार झालेला ‘लोकप्रिय मार्ग’ हा निकष शहरात उपयोगी आहे. ग्रामीण भागात तो फसवा ठरतो. रोज सायकलवरून शाळेत किंवा बाजारात जाणारे स्थानिक लोक आपला प्रवास उपयोजनात नोंदवत नाहीत. त्यामुळे उत्तम आडरस्ता नकाशावर निर्जन दिसतो आणि गर्दीचा महामार्ग मात्र ठळक रंगात उठून दिसतो.

क्लब व ब्रेव्हे

क्लबांच्या साप्ताहिक फेऱ्यांमध्ये पुढे वाट दाखवणारा व शेवटी राहून मागे पडलेल्यांना सांभाळणारा असे दोन जाणते सायकलस्वार असतात. खड्डा, गतिरोधक, मागून येणारे वाहन यांच्या सूचना हाताने किंवा हाक देऊन पुढून मागे व मागून पुढे पोहोचवल्या जातात. घाटात एकामागून एक चालणे आणि उतारावर अंतर वाढवणे हा सर्वसाधारण शिरस्ता आहे. उपयोजनांतील वेगाच्या क्रमवारीसाठी घाटाचा उतार स्पर्धेसारखा उतरणे अनेक क्लबांना मान्य नसते.

दीर्घ पल्ल्याच्या स्वावलंबी सायकलप्रवासाला ब्रेव्हे म्हणतात. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियनच्या नियमांनुसार भारतात ऑडॅक्स इंडिया रँडॉनर्स ही संस्था त्यांचे संयोजन पाहते, तर मुंबईत मुंबई रँडॉनर्स हा गट आहे. 200 किमीसाठी 13 तास 30 मिनिटे, 300 साठी 20 तास, 400 साठी 27 तास आणि 600 साठी 40 तास अशी कालमर्यादा असते. वाटेतील नियंत्रणस्थळीही ठरलेल्या वेळेत पोहोचावे लागते. ही शर्यत नसून क्रमांक दिले जात नाहीत. चारही पल्ले एका हंगामात पूर्ण करणाऱ्यास ‘सुपर रँडॉनर’ म्हटले जाते. दर 4 वर्षांनी होणाऱ्या सुमारे 1200 किमीच्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसची पात्रताही त्याच मालिकेतून ठरते.

घाटापलीकडील नाशिक हे सायकलिंगचे मोठे केंद्र आहे. तेथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोन जणांच्या गटात पूर्ण केली. त्यानंतर लांब पल्ल्याच्या सायकलिंगकडे मराठी वृत्तपत्रांचेही लक्ष वेधले गेले.

ऋतू व सुरक्षितता

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा येथील उत्तम काळ. पावसाळ्यात परिसर अतिशय रमणीय होतो आणि त्याच वेळी सर्वांत धोक्याचाही. माळशेज घाटात दरडी कोसळतात व दाट धुके असते. कल्याण–मुरबाड रस्त्यावरील रायते येथील उल्हास नदीचा पूल अतिवृष्टीत पाण्याखाली गेल्याचे प्रसंग आले आहेत. धबधबे व धरणांच्या परिसरात जिल्हा प्रशासन पावसाळ्यात प्रतिबंधात्मक आदेश काढते. त्यांत भातसा, माहुली, विहीगावचा धबधबा, सिद्धगड, बारवी धरण व माळशेज यांसारखी ठिकाणे येत असतात. ठिकाणांची यादी व मुदत दरवर्षी नव्याने पाहावी लागते. तानसा अभयारण्यात व धरणांच्या भिंतींवर वर्षभरच निर्बंध असतात. या वनक्षेत्रात बिबट्याचा वावर असल्याने सूर्यास्तानंतर एकट्याने जाणे टाळले जाते.

घाटांत व खोल दऱ्यांत भ्रमणध्वनीचे जाळे खंडित होते. थेट ठिकाण कळवणारी सुविधा अशा वेळी शेवटचा मिळालेला बिंदूच दाखवत राहते आणि घरच्यांना सायकलस्वार तासभर एकाच जागी थांबल्यासारखा वाटतो. म्हणून नकाशा आधीच उतरवून घेणे, मार्गाची जीपीएक्स फाइल सोबत्यांना देणे आणि ‘अमुक वाजेपर्यंत अमुक गावातून दूरध्वनी’ असे ठरवून निघणे अधिक विश्वसनीय असते. आणीबाणीत 112 व रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक वापरले जातात. शहापूर येथे उपजिल्हा रुग्णालय व मुरबाड येथे ग्रामीण रुग्णालय आहे. सायकलचे सुटे भाग बाजारगावांत मिळतात, तरी गिअरच्या सायकलीच्या अरुंद ट्यूब व व्हॉल्व्ह बहुधा मिळत नाहीत. पंक्चर काढणारा कारागीर असतो, पण त्याच्याकडील पंपाचे तोंड त्या व्हॉल्व्हला बसत नाही. त्यासाठी लागणारे लहानसे पितळी जोडतोंड खिशात ठेवले जाते.