हाताच्या मापाची काठी

गेल्या सत्रात हॉबी रूमच्या खिडकीखाली पुठ्ठ्याचे एक खोके उलटे ठेवलेले असे. त्याला दोन खाचा पाडलेल्या आणि त्या खाचांत एक निमुळती पिवळसर नळी आडवी पडलेली. येणारा-जाणारा प्रत्येक कॅडेट विचारायचा, "सर, हा अँटेना आहे का?" अँटेना नव्हता. ती माझ्या वडिलांसाठी बनत असलेली मासे पकडायची काठी होती. ती बनवताना काय शिकलो, कुठे चुकलो, ते इथे लिहितो आहे. सत्राच्या शेवटी पाच-सहा जणांनी "आम्हालाही करायची आहे" म्हणून नावे दिली आहेत. त्यांना आणि त्यांच्या पालकांना आधी कल्पना असलेली बरी.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, जयगडच्या खाडीजवळ. अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना उजव्या हाताला झालेल्या जखमेमुळे त्यांची करंगळी आणि अनामिका मिटत नाहीत. बाकी सगळी कामे ते करतात, पण संध्याकाळी खाडीवर गरवायला जाणे त्यांनी दोन वर्षांपूर्वी बंद केले. कारण विचारले तर म्हणाले, "मासा लागला की काठी हातात फिरते रे." मी दुकानातून दोन महागड्या काठ्या नेऊन दिल्या. दोन्ही माळ्यावर गेल्या.

दोष काठ्यांचा नव्हता. त्या सरासरी हातासाठी बनतात आणि अण्णांचा हात सरासरी नाही. आपल्या सातवीतल्या कॅडेटचाही नसतो. मोठ्या माणसाची लांब मूठ त्याच्या कोपराला आणि पोटाला टोचते, फेकताना अडते. माणसाच्या मापाने काठी बांधायची ती एवढ्यासाठीच. शोभेचे रंगीत धागे वगैरे नंतरची गोष्ट.

सुरुवात नळीपासून. हिला सगळीकडे ब्लँक म्हणतात. एकेकाळी ती बांबूची असे, आणि त्या बांबूशी आपला संबंध जवळचा आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात सॅम्युएल फिलिप नावाच्या बंदूक बनवणाऱ्या कारागिराने १८४० च्या दशकात बांबूच्या चिरफळ्या तासून, एकमेकींना चिकटवून काठीची टोके बनवली. पुढे त्रिकोणी छेदाच्या सहा चिरफळ्यांची षटकोनी काठी रूढ झाली. त्या सुरुवातीच्या काळात वापरला जाणारा बांबू भारतातून जाई. व्यापारात त्याचे नाव 'कलकत्ता केन'. तो म्हणजे आपला मानवेल, ज्याला इंग्रज नर बांबू म्हणत. घोडदळाच्या भाल्यांचे दांडे याच जातीचे आणि पोलिसांची लाठीही. पुढे दक्षिण चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याला मागे टाकले, दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू म्हणजे फायबरग्लास आला आणि मग कार्बन. कार्बनचा मजबूत तंतू १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील विमान संशोधन संस्थेत विकसित झाला, आणि १९७३ साली त्याच्या काठ्या अमेरिकेत बाजारात आल्या. थोडक्यात, भाल्याच्या दांड्यापासून विमानाच्या सामग्रीपर्यंत सगळे या छंदात येऊन गेले आहे.

पहिल्या काठीसाठी माझे मत स्पष्ट आहे: फायबरग्लास घ्या. कार्बन हलका आणि चपळ असतो, पण एक ओरखडा किंवा दगडावरचा एक ठोका त्याला पुरतो. फायबरग्लास जड आणि थोडा आळशी, पण चुका पोटात घालतो. आणि खिशाला तेही जड वाटत असेल तर घरी किंवा नातेवाइकांकडे पडलेली मोडकी काठी आणा, तिच्यावरचे सगळे उतरवा आणि पुन्हा बांधा. शिक्षण तेवढेच होते. मी अण्णांसाठी ७ फुटांची, दोन तुकड्यांची, मध्यम ताकदीची नळी घेतली. दोन तुकडे अशासाठी, की साडेतीन फुटांचा प्लॅस्टिकचा पाइप रेल्वेच्या बर्थखाली मावतो.

नळी आली की आधी डोळ्याला लावून तिच्यातून नव्हे, तिच्यावरून पाहा, जसे रायफलच्या नळीवरून पाहतो. अगदी सरळ नळी क्वचितच असते. जो थोडा बाक असेल तो वर येईल आणि गाइड, म्हणजे दोरीच्या कड्या, खालच्या बाजूला येतील अशी ती फिरवून पेन्सिलीने खूण करा. कड्यांच्या वजनाने टोक बरेचसे सरळ होते. जुने लोक 'कणा' शोधायला सांगतात: नळीचे बूड गुळगुळीत फरशीवर टेकवायचे, टोक एका तळहातावर ठेवायचे, मधे दाबून फिरवायचे, एका ठिकाणी ती टुणकन उडी मारते, तो कणा. कण्यावर कड्या बांधल्या नाहीत तर काठी पिळते, असा समज आहे. मी दोन्ही करून पाहिले. खालच्या बाजूला कड्या असलेल्या काठीत मला फरक जाणवला नाही. वाकडी काठी मात्र पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपते.

आता मूठ. सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवला. स्पिनिंग रीलचा पाय साधारण मधले बोट आणि अनामिका यांच्यामध्ये येतो. म्हणजे मासा ओढू लागला की अर्धा भार अनामिका आणि करंगळी घेतात. अण्णांची नेमकी हीच बोटे मिटत नाहीत. काठी हातात का फिरते, ते मला इतक्या वर्षांनी एका रविवारी रिकाम्या हॉबी रूममध्ये ही दोन बोटे ताठ ठेवून झाडू धरून पाहिल्यावर कळले. उपाय दोन होते. मूठ जाड करायची, म्हणजे अर्धवट मिटणाऱ्या बोटांनाही तिचा आधार मिळेल. आणि मागचा दांडा लांबवायचा, म्हणजे तो हाताखाली टेकेल आणि भार बोटांवरून हातावर जाईल.

जाडी फोनवरून ठरवली. अण्णांना सांगितले, "नळाच्या पाइपाच्या तुकड्यावर वर्तमानपत्र गुंडाळत जा आणि जिथे बरे वाटेल तिथे सुतळीने घेर मोजा." घेर ११ सेंटीमीटर आला, म्हणजे व्यास सुमारे साडेतीन. दुकानातल्या काठीच्या मानाने चांगलाच जाड. लांबीचे माप सोपे आहे आणि प्रत्येक कॅडेटला लागू पडते: रील धरल्यासारखी मूठ करा, हात सरळ पुढे धरा, मुठीच्या मध्यापासून कोपरापर्यंत मोजा. मागचा दांडा कोपराच्या जरा अलीकडे संपला पाहिजे. अण्णांच्या बाबतीत तो जाणूनबुजून तिथपर्यंत नेला आणि टोकाला वेलक्रोची पट्टी लावली. वेलक्रोच का? पाय घसरून माणूस पाण्यात गेला तर एका झटक्यात सुटली पाहिजे. तिथे गाठ किंवा बक्कल चालत नाही.

मूठ बुचाच्या चकत्यांची किंवा फोमची करतात. चकत्यांचे भोक नळीच्या निमुळतेपणाप्रमाणे मोठे करावे लागते. त्यासाठी मोडक्या काठीच्या तुकड्यावर खरखरीत पॉलिश पेपरची पट्टी तिरकी गुंडाळून चिकटवली की उत्तम कानस तयार होते. थोडे घासा, घालून पाहा, पुन्हा घासा. घाई केली की भोक ढिले होते. रील बसवायच्या नळकांड्याचे भोक मात्र नेहमीच मोठे असते. तिथे मास्किंग टेपची दोन-तीन कडी नळीवर बनवा आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा सोडा, म्हणजे तिथे इपॉक्सी भरून पक्की पकड येईल. सलग टेप गुंडाळली तर सगळा भार टेपवर येतो आणि वर्षभरात नळकांडे फिरू लागते. पाच मिनिटांत सुकणारा इपॉक्सी घेऊ नका. चोवीस तासांचा घ्या, म्हणजे रील आणि कड्या एका रेषेत आणायला वेळ मिळतो. चिकटवण्याआधी सगळे कोरडे जोडून, रील लावून तोल पाहा. टोक जड वाटले तर मनगट दमते. अण्णांच्या दांड्याच्या बुडात मी शिशाचा छोटा तुकडा घातला.

कड्यांच्या संख्येचा ठोकताळा असा: जितके फूट तितक्या कड्या, शिवाय टोकाची एक. पहिली कडी सगळ्यात मोठी आणि रीलपासून दीड ते पावणेदोन फुटांवर, कारण दोरी रीलवरून मोठमोठी वेटोळी घेत सुटते. पुढे कड्या लहान आणि जवळजवळ. पण ठोकताळ्यावर थांबू नका. कड्या तात्पुरत्या अडकवा (टोकाकडे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक काप छान बसतात, बुडाकडे टेप), दोरी ओवा, मित्राला टोक धरून हळूहळू ओढायला सांगा आणि बाजूने पाहा. दोरीने काठीच्या बाकाला धरून जायला हवे. कुठे ती सरळ रेषेत बाक सोडून जात असेल तर तिथे कड्यांतले अंतर जास्त आहे. या एका परीक्षेने मला तीन कड्या हलवाव्या लागल्या. टोकाची कडी मात्र इपॉक्सीने नाही, गरम करून मऊ होणाऱ्या गोंदाने लावा. ती कधीतरी बदलावी लागणारच.

माझी पहिली काठी मोडली ती इथल्याच आळसामुळे. ती कार्बनची होती आणि तिसऱ्याच फेरीला, मासा नव्हे, दगडात अडकलेला गळ ओढताना, तिसऱ्या कडीपाशी कट्कन तुटली. धागा सोडवून पाहिले तर कडीच्या पायाखाली पत्र्याची बारीक धार राहिली होती. प्रत्येक वाकण्याबरोबर ती नळीला ओरबाडत होती. तेव्हापासून प्रत्येक कडीचा पाय मी खालून बोट फिरवून तपासतो आणि वरून बारीक कानशीने उतरता करतो, म्हणजे धागा नळीवरून पायावर पायरी न पडता चढतो. काम दहा मिनिटांचे.

धागा नायलॉनचा. त्याला ताण देण्यासाठी रीळ चहाच्या मगात ठेवा आणि धागा जाड पुस्तकाच्या पानांमधून ओढा. आमच्याकडे जुना शब्दकोश कामाला आला. पायाच्या थोडे अलीकडे सुरुवात करा, पहिल्या वेढ्यांखाली धाग्याचे शेपूट दाबा, काठी फिरवत कडीकडे या. शेवटचे सहा-सात वेढे उरले की एक दुहेरी धाग्याचा फास आडवा ठेवून त्यावरून गुंडाळा, टोक फासात घाला आणि फास ओढून घ्या. टोक वेढ्यांखाली जाते. फटी पेनच्या टोपणाने दाबून मिटतात. दोन तुकड्यांच्या काठीत सांध्याच्या तोंडावर धागा गुंडाळायला विसरू नका, नाहीतर भाराने ते उभे चिरते.

वरचे लेपन दोन भागांचे असते. समान माप हवे, आणि ते अंदाजाने नाही, दोन वेगळ्या सिरिंजने. हळू ढवळा, मिश्रण ॲल्युमिनियमच्या कागदावर पसरा म्हणजे बुडबुडे निघतात आणि ते लवकर घट्ट होत नाही. ब्रशने लावल्यावर काठी फिरत राहिली पाहिजे, नाहीतर खालच्या बाजूला थेंब लोंबतो. मोटर नसेल तर हाताने: आधी सतत, मग दर काही मिनिटांनी अर्धा फेरा, असे दोन तास. हे काम आठवीच्या तीन कॅडेटनी पाळी लावून केले, गार्ड ड्यूटीसारखे नाव लिहून. आपल्याकडच्या थंडीत बाटल्या कोमट पाण्यात ठेवाव्या लागतात. वापरायला आठवडाभर थांबा.

पालकांसाठी दोन गोष्टी. इपॉक्सी कातडीला लागू देऊ नये आणि घासताना उडणारी धूळ श्वासात जाऊ नये. हातमोजे, मास्क आणि ओले घासणे आम्ही सक्तीचे केले आहे. दुसरी अधिक गंभीर: कार्बनमधून वीज वाहते. जोडलेली काठी घेऊन विजेच्या तारांखालून जायचे नाही आणि ढग गडगडले की काठी खाली ठेवून दूर व्हायचे. आणि आपल्या भागातल्या नद्यांवर परवान्याशिवाय गळ टाकता येत नाही. महसीर तर धोक्यात आलेला मासा, तो लागला तर परत सोडायचा.

मे महिन्यात काठी घेऊन गावी गेलो. अण्णांनी ती हातात घेतली, दोनदा झटकली, काही बोलले नाहीत. संध्याकाळी भरतीच्या वेळी आम्ही खाडीवर गेलो. पहिल्या दिवशी काही लागले नाही. दुसऱ्या दिवशी एक शिंगाळा, वीतभर. चौथ्या दिवशी तांबोशी लागली, चांगली ओढाळ. दांडा हाताखाली टेकला होता, काठी फिरली नाही. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी कोपराने बाजूला सारला.

घरी आल्यावर मी काठी गोड्या पाण्याने धुतली आणि प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवला. कडीला बारीक तडा असेल तर कापसाचे तंतू अडकतात, खाऱ्या पाण्यात वापरणाऱ्यांनी ही सवय ठेवावी. अण्णा अंगणात बसून पाहत होते. म्हणाले, "मूठ अजून जराशी जाड आहे." पॉलिश पेपर मी बरोबर नेला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत घासून देणार आहे.