मोत्याची शाळा

शिकवणे हा माझा धंदा. वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. दुपारच्या तासाला अर्धवट झोपलेल्या वर्गाला मोरोपंत समजावून देणारा मी! तेव्हा गेल्या वर्षी जूनमध्ये चिरंजिवांनी पावसात भिजलेले दोन महिन्यांचे गावठी पिल्लू घरी आणले, त्या वेळी "याला शिस्त लावायचे काम माझे," असे मी ऐटीत जाहीर करून टाकले. मातोश्रींनी नाव ठेवले मोत्या.

शाळा सुरू झाली आणि एका विद्यार्थ्याला पाच शिक्षक मिळाले. मी "खाली बस" म्हणे, सौ. "बैस रे बाबा" म्हणे, कन्या "सिट" म्हणून ओरडे. मातोश्री एका "हाड"मध्ये सगळा अभ्यासक्रम उरकीत. मी सोफ्यावरून उतरवले की चिरंजीव त्याला मांडीवर घेऊन तिथेच बसत. मोत्या बिचारा आळीपाळीने आमच्या तोंडाकडे पाही आणि शेवटी पायपुसणे चघळायला घेई.

सप्टेंबरात एकदा संध्याकाळी घरी येतो तो काय, उत्तरपत्रिकांच्या चिंध्या खोलीभर! त्या सकाळीच फाडल्या होत्या म्हणे. मोत्या नेहमीप्रमाणे शेपूट हलवीत माझ्याकडे धावत आला, आणि मी वर्तमानपत्राची सुरळी करून त्याला दोन-तीन फटके हाणले. दुसऱ्या दिवसापासून कुलपात माझी किल्ली फिरली की स्वारी पलंगाखाली. "बघा, अपराध कळलाय त्याला," मी सौ.ना म्हणालो. ती काही बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात त्याला लस टोचायला नेले. मी उचलायला हात पुढे केला, तर तो अंग चोरून टेबलाच्या कडेला गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर, हा सुईला नाही, तुम्हाला घाबरतोय."

मग त्यांनीच माझा तास घेतला. सकाळच्या गुन्ह्याची संध्याकाळची शिक्षा कुत्र्याला उमगत नाही. त्याच्या लेखी शिक्षा तुमच्याकडे धावत येण्याची झाली. कुत्र्याचा तो 'अपराधी' चेहरा म्हणजे निव्वळ भीती. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालक रागावला की कुत्रा तसा चेहरा करी, मग त्याने खाऊ चोरलेला असो वा नसो. "शाबासकी द्यायची ती त्याच क्षणी," बाई म्हणाल्या, "आणि रागवायला म्हणून 'ये' अशी हाक कधीही मारायची नाही."

त्या रात्री घरात शिक्षकसभा भरली. चारच शब्द ठरले : बस, थांब, ये, सोड. यादी फ्रिजवर डकवली. मातोश्रींनी "हाड"चा त्याग केला, हे विशेष. सोफा सर्वांच्याच सहीने बंद झाला. अंगावर उडी मारली तर कोणी ओरडायचे नाही. पाठ फिरवून उभे राहायचे आणि चारही पाय जमिनीवर टेकले की कौतुक करायचे. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच बाहेर न्यायचे. धडा पाच मिनिटांचा, दिवसातून तीनदा. भाकरीचा तुकडा नाकासमोर धरून हळूच डोक्यामागे न्यावा. मान वर जाते आणि मागचा भाग आपोआप खाली टेकतो. त्याच क्षणी "बस" म्हणावे आणि तुकडा द्यावा. आठवड्यात मोत्या "बस" शिकला.

"ये" मात्र माझ्यापुरते अडले. इतरांकडे तो धावत जाई. माझ्यापासून दोन हातांवर थबके. मी रोज संध्याकाळी जमिनीवर बसून, तोंड दुसरीकडे वळवून, तळहातावर पनीरचा तुकडा ठेवून वाट पाहत राही. तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी तळहाताला ओले नाक लागले. माझ्या एम.ए.च्या निकालाचाही एवढा आनंद झाला नव्हता.

मग दिवाळी आली. बेदाणे, चॉकलेट, कांदा ही कुत्र्याला विषे आहेत, म्हणून फराळाचे डबे वर गेले. आतल्या खोलीच्या खिडक्या लावून, पंखा आणि रेडिओ चालू ठेवून त्याचे अंथरूण घातले. फटाके सुरू होण्याआधी फिरवून आणावे म्हणून मी त्याला चार वाजताच खाली नेले. फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला. मोत्याने हिसडा दिला, गळपट्टा डोक्यातून निसटला आणि तो सरळ हमरस्त्याकडे पळत सुटला.

गळ्यापर्यंत ओरडा आला होता. तो गिळला. तिथेच उकिडवा बसलो आणि घरातल्यासारखेच म्हणालो, "मोत्या, ये."

तो थांबला. वळून पाहिले. पुन्हा दोन हातांवर क्षणभर थबकला, आणि थरथरत येऊन त्याने माझ्या गुडघ्यांत डोके खुपसले.

बक्षीस द्यायला खिशात काही नव्हते. पाच महिने घरचे खाऊन चांगलाच जड झालेल्या त्या विद्यार्थ्याला मी उचलून दोन जिने चढलो. मातोश्री दारातच घाबरल्या : "अरे, पाय मोडला की काय त्याचा?"

"नाही, आई," मी धापा टाकीत म्हणालो, "पास झाला."

"कोण, तो की तू?" मातोश्रींनी विचारले.